खालच्या फळीवरची सुटी ताटं

“सहा पांढरी द्या. आणि एक कुठलंबी, पण त्या सहात मिसळणार नाय असं.”

हे मला उद्देशून नव्हतं. मी शिडीवर उभी राहून वरच्या फळीवरचे वाडगे पुसत होते. खाली काउंटरशी पन्नाशीच्या एक बाई भाऊंशी बोलत होत्या. भाऊ म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. गिऱ्हाइकांपासून हमालांपर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत. ‘सहा पांढरी’ बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. ‘आणि एक’ म्हणताना आवाज खाली गेला. माझा फडक्याचा हात थांबला. दुकानात काही वर्षं काढल्यावर तो खाली गेलेला आवाज मला पाठ झाला होता.

कशासाठी, कोणासाठी, असं भाऊंनी काही विचारलं नाही. “ताई, ह्यांना खालची फळी दाखव,” एवढंच म्हणाले. मी उतरले.

ती खालची फळी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमचं क्रॉकरीचं दुकान नाशकात मेन रोडला लागून असलेल्या एका गल्लीत होतं. माल द्वारका चौकात ट्रान्सपोर्टवर उतरायचा आणि तिथून टेम्पोने यायचा. गवतात बांधलेली खोकी उघडली की प्रत्येकात काहीतरी फुटलेलं निघायचंच. सहाच्या सेटमधली दोन ताटं गेली की उरलेली चार कोणी सेट म्हणून घेत नाही. ती खालच्या फळीवर जायची. बंद पडलेल्या डिझाइनची उरलीसुरली, नमुन्यादाखल आलेली, छपाई वाकडी बसलेली, अशी सगळी तिथेच. एकाचं दुसऱ्याशी जुळणार नाही. आम्ही त्यांना ‘सुटी’ म्हणायचो. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, ही कोण घेणार? पण ती फळी कधी भरून राहिली नाही. सुट्या ताटांना कायम गिऱ्हाईक असे.

कामवाल्या बाईसाठी एक कप. गावाकडून येणाऱ्या ज्या पाहुण्यांना घरातल्या ताटात वाढायचं नसतं, त्यांच्यासाठी एक ताट. अंडं खायला लागलेल्या मुलासाठी. टीबी झालेल्या सासऱ्यांसाठी. बाजूला बसणाऱ्या सुनेसाठी. कारण कोणी सांगत नसे. आवाज खाली यायचा आणि नजर फळीकडे जायची. मी मनात ओळखायचा खेळ खेळत असे. एकच कप आणि तोही सगळ्यात स्वस्त, तर कामवाली. ताट, वाटी, पेला तिन्ही हवं, तर घरात आजारी माणूस. निवडायला वेळ लावला, तर ते माणूस आपलं, लाडकं. पहिलं हाताला लागलं तेच उचललं, तर नव्हे. माझा अंदाज क्वचित चुकायचा. त्याचा आनंद मात्र कधी झाला नाही.

मी या धंद्यात आले त्याचं कारण साधं आहे. वडिलांची सातपूरची कंपनी बंद पडली, मी नुकती बी.कॉम. झाले होते, आणि भाऊंना कॉलेज रोडकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलणारी मुलगी हवी होती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मला इंग्रजी यायचं, पण बोलायचा धीर कुठल्याच भाषेत नव्हता. हे भाऊंच्या लक्षात आलं तोपर्यंत मला आतलं काही न फोडता खोकी उघडता यायला लागली होती, म्हणून त्यांनी ठेवून घेतलं. “पोरगी बोलत नाही, पण फोडतही नाही,” असं ते लोकांना सांगत. आमच्या धंद्यात ही मोठी स्तुती आहे.

न बोलता विकता येतं, हे मला तिथे कळलं. गिऱ्हाईक फुलं-वेली बघत असतं तेव्हा मी ताट उलटं करून त्यांच्या हातात द्यायचे. ताटाच्या पाठीला बसायचं एक कडं असतं. ते खरखरीत असेल तर रोज एकावर एक रचताना ते खालच्या ताटावर ओरखडे काढतं, आणि वर्षभरात त्या ओरखड्यांत हळद बसते. मग ताट कितीही घासा, पिवळंच. सोनेरी कडेची ताटं पाहुण्यांपुढे शोभतात, पण रोजच्या घासण्याला ती कड दिवाळी ते दिवाळीही टिकत नाही. बोटाने टिचकी मारली की चांगलं ताट खणखणतं. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, दिसो न दिसो. विलायती पद्धतीची सपाट ताटं दिसायला देखणी, पण आमटी वाढली की ती काठाकडे धावत सुटते. आपल्याला उभ्या काठाचंच ताट लागतं. आणि ताट आवडलं तरी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात एकदा देऊन बघावं. त्याला एका हाताने उचलत नसेल, तर ते ताट त्या घरात टिकणार नाही.

लोक मला अजून विचारतात, की रोजच्याला घ्यावं काय? मी सांगते, पांढरं घ्या, कारण ते पुढेही मिळतं. आणि माणसं असतील त्याहून दोन जास्त घ्या. भाऊंना सल्ल्याचा शेवटचा भाग आवडायचा.

न फुटणाऱ्या काचेचे सेट बाजारात आले तेव्हा ते पाडून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ह्या कामाचा मला फार संकोच वाटे. ताट जमिनीवर आदळलं की सगळं दुकान वळून माझ्याकडे बघायचं. युक्ती एवढीच, की ताट सपाट सोडायचं, कडेवर नाही. एकदा निफाडकडचं एक जोडपं आलं. द्राक्षाचे पैसे आले असावेत. नवरा खुशीत होता.

“पाडा की,” तो म्हणाला.

मी गुडघ्याच्या उंचीवरून ताट सोडलं.

“असं कोण पाडतं ओ ताई? हे तर तुम्ही निजवलं त्याला.”

“तुम्ही गप बसा,” त्याची बायको म्हणाली, आणि मला सांगू लागली, “ह्यांना ताट फेकायची सवय हाय. भाजीत मीठ कमी पडलं की गेलं ताट भिंतीवर. तेवढं सोसंल ना हे?”

दुकानातले सगळे हसले. नवराही हसला. मीही हसले. मग माझं लक्ष गेलं, बाई हसत नव्हती. ती खरंच विचारत होती. मी सेट बांधून दिला. ताट सोसेल का, ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि तेवढंच मी दिलं.

पाडून दाखवायचं ताट आम्ही एकच ठेवत असू. त्याच्यावर चरा नव्हता. एका सकाळी मी ते नुसतं पुसत असताना हातातल्या हातात त्याचा चुरा झाला, खडीसाखरेसारखा. भाऊ म्हणाले, “लागलं नाही ना? काढ दुसरं.”

तर त्या दिवशी मी शिडीवरून उतरले आणि बाईंना खालची फळी दाखवली. त्यांचं आडनाव जाधव. सातपूरला राहायच्या, म्हणून भाऊंनी त्यांना माझ्या वडिलांच्या कंपनीचं नाव सांगून ओळख काढली. मग त्या माझ्या जाधवकाकू झाल्या. फळीवर त्यांनी वेळ लावला नाही. एक लाल मेलामाइनचं ताट ओढून काढलं.

“हे लांबून दिसतंय,” त्या म्हणाल्या. “आणि पडलं तरी फुटायचं नाय.”

वाटी आणि पेला पण त्यांनी मागितला. मी मनात म्हटलं, आजारी माणूस. हाताला लागलं ते उचललं, म्हणजे लाडकं नव्हे. मी ते कागदात गुंडाळून दिलं.

दोन-तीन महिन्यांनी काकू पुन्हा आल्या. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

“ताई, ते लाल ताट दिलं ना तुम्ही, त्यानं घोळ झाला. आमची चिऊ, नात माझी, चार वर्षांची, ती म्हणती मला लालच पाह्यजे. पांढऱ्यात जेवतच नाय. फडताळावर ठेवलं तर स्टूल लावून काढती.”

“मग तिलाही लाल देऊ का एक?” मी विचारलं.

“अगं बाई, मग हिचं कुठलं आन् तिचं कुठलं?” काकू एकदम थांबल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि भाऊंकडे बघत, पण बहुधा मलाही ऐकू जावं अशा बेताने, सांगू लागल्या. मोठा मुलगा मागल्या वर्षी गेला. कंपनीत चांगला कामाला होता. “कशानं गेला ते तुम्हाला सांगायला नको. त्या दुखण्याचं नाव घ्यायची बी लाज वाटती.” आता त्याच्या बायकोचंही रक्त तपासलं, तिलाही तेच निघालं. मनीषा नाव तिचं. घरात काका, धाकटा मुलगा, त्याची बायको आणि त्यांची ही चिऊ. “डॉक्टर म्हणतो, ताटावाटीनं होत नाय. त्याला काय जातंय म्हणायला? त्याची नात हाय का ह्या घरात?”

एचआयव्हीचं नाव त्या काळात नाशकात कोणी मोठ्याने घेत नसे. पण बसच्या पाठीवर, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, की सोबत जेवल्याने तो होत नाही. काकूंनी ते वाचलं असणार. भाऊंनीही. मीही रोज वाचत होते.

“मला तरी हौस हाय का?” काकू म्हणाल्या. “पोर गेलं माझं. आता नातीला बघू का हिला?”

भाऊ म्हणाले, “खरं आहे.”

मी हातातलं फडकं काउंटरवर फिरवत राहिले.

“एखादं भुंडं ताट द्या,” काकू मला म्हणाल्या. “लेकरांना आवडणारच नाय असं.”

असं गिऱ्हाईक आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. आमचं सगळं दुकान देखणं दिसायला धडपडत असायचं. कुरूप ताट मागणारं कोणी नव्हतं. मी खाली बसून शोधलं. कंपन्यांच्या कँटीनसाठी नमुना म्हणून आलेलं एक मातकट तपकिरी मेलामाइनचं ताट निघालं, ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं. काकूंनी ते लांब धरून बघितलं.

“हां. हे कुणी मागणार नाय.”

त्या गेल्यावर भाऊ म्हणाले, “चला, ते एक गेलं. पडून होतं.” भाऊ वाईट माणूस नव्हते. दुकानात वीस वर्षं बसलेल्या माणसाला फळीवरून एक नग गेला एवढंच दिसतं. मलाही बरंचसं तेवढंच दिसायला लागलं होतं. पण त्या रात्री जेवताना मी माझ्या ताटाकडे बघत राहिले, आणि आईने विचारलं, काय झालं, तर म्हटलं, काही नाही.

तिसऱ्या वेळी काकू आल्या त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्या मागे एक बाई दाराशीच थांबली. पंचवीस-सव्वीसची, माझ्याच वयाची. फिकट निळी साडी, मोकळं कपाळ, खांदे आत ओढलेले. आमच्या दुकानात दोन्ही बाजूंना फळ्या आणि मधे अरुंद वाट. लोक आत येताना पिशव्या सावरतात, काही पडू नये म्हणून. ती पदर सावरत होती. कशालाही आपला स्पर्श होऊ नये असं तिचं उभं राहणं होतं. मी स्टूल पुढे केलं. तिने आधी काकूंकडे बघितलं, मग नको म्हणून मान हलवली. पाण्याचे पेले आले. काकू प्यायल्या. ती म्हणाली, तहान नाही. बाहेर एप्रिलचं ऊन होतं.

काकूंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तपकिरी ताट काढून काउंटरवर ठेवलं.

“हे बघा कसलं दिलंय. वर्ष पण नाय झालं.”

मी ताट उलटं-सुलटं केलं. चकाकी पार गेली होती. अंगभर केसासारख्या चिरा, काठ एका बाजूला वाकलेला.

“हे उकळलंय का?” मी विचारलं. गिऱ्हाइकाला आपणहून विचारायचे माझे प्रश्न असे धंद्यापुरतेच असत.

“नाय ओ. ताट कोण उकळतं?” काकू म्हणाल्या.

“रोज उकळते मी,” दाराशी उभी असलेली मनीषा म्हणाली. “धुतल्यावर पातेल्यात टाकते. चांगलं खळखळ.”

काकूंनी वळून बघितलं नाही.

“मेलामाइनला उकळी चालत नाही, काकू,” भाऊ म्हणाले. “त्याची तक्रार आम्ही घेत नाही.”

“मग चालंल असं द्या.”

“स्टील घ्या.”

“स्टीलची घरात ढीगभर हायेत. रुखवतात आलेली. पण सगळी एका तोंडाची. त्यात हिचं कुठलं कसं वळखायचं?” काकूंचा आवाज चढला, आणि मला कळलं की त्या ताटाच्या तक्रारीसाठी आलेल्याच नाहीत. “परवा मी देवळातून येऊन बघते, तर चिऊ हिच्या शेजारी बसून हिच्याच ताटातला भात खाती. हिच्याच ताटातला. त्या भुंड्या ताटातला. धाकटा म्हणला, आई, आता बास. पुन्यांदा असं झालं तर वहिनीला निफाडला पोचव. तिच्या भावाकडं.”

“मी नव्हता दिला तिला भात,” मनीषा म्हणाली. “मी तोंड धुवायला उठले होते. ती येऊन बसली.”

“लेकरू हाय ते. ते बसणारच.”

“माझा भाऊ ठेवणार नाही मला.” मनीषा हे काकूंना नव्हे, माझ्याकडे बघून म्हणाली, जणू ते काकूंना आधीच माहीत होतं आणि आता कोणाला तरी सांगून ठेवायचं होतं. “वहिनीनं दारातच सांगितलंय. आणि गोळ्या इथं मिळतात, दर महिन्याला. तिथून कोण येऊ देणार मला?”

गल्लीतून एक रिक्षा गेली. मला सगळं स्पष्ट दिसत होतं, इतकं की त्रास व्हावा. एका चार वर्षांच्या मुलीने आणखी एकदा मनीषाच्या ताटात हात घातला, की ही बाई घराबाहेर. निफाडला दार बंद, आणि गोळ्या बंद. सगळं एका ताटावर येऊन थांबलं होतं, आणि ताटं विकणारी मी होते.

“ह्यात काय आहे?” भाऊ म्हणाले. “एक स्टीलचं घ्या, त्याच्यावर नाव घालून देतो. गल्लत व्हायचा प्रश्नच नाही. ताई घालेल. तिचं अक्षर छान आहे.”

नाव घालणं हे माझं दुकानातलं दुसरं काम होतं. पेनासारखं एक विजेचं मशीन असतं. त्याचं टोक थरथरतं आणि स्टीलवर बारीक ठिपक्यांची रेघ उमटते. मराठी माणूस भांडं विकत घेतो किंवा देतो, तेव्हा त्याच्यावर नाव घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. शाळेत मराठी आम्ही जेमतेम शिकलो. माझं मराठी सुधारलं ते ह्या भांड्यांवर. चि. सौ. कां. म्हणजे काय, कै. कुठे लिहायचं, ‘यांजकडून’ कसं लिहायचं, सगळं मी तांब्यांवर आणि डब्यांवर शिकले. कुणाच्या लग्नात, कुणाच्या स्मरणार्थ, वास्तुशांतीला, मामांकडून. स्टीलवर घातलेलं नाव घासून जात नाही. घर वेगळं होतं, वाटण्या होतात, तेव्हा लोक भांडी उलटी करून नाव वाचतात आणि ज्याचं त्याला देतात.

भाऊंनी उभ्या काठाचं एक चांगलं जड ताट काढून दिलं. मी मशीनची पिन लावली, ताट उलटं केलं आणि सवयीने जो प्रश्न मी दिवसातून दहादा विचारत असे, तोच विचारला.

“काय नाव घालायचं? पुढे सौ. लावू ना?”

विचारल्यावर मला कळलं मी काय विचारलं. मनीषाच्या कपाळाकडे मी बघितलंही होतं.

“नुसतं मनीषा घाला,” काकू म्हणाल्या.

तेव्हा मनीषा पहिल्यांदा आत आली. अगदी काउंटरपर्यंत, दोन्ही हात पदरात धरून.

“ताई, नाव नका घालू,” ती म्हणाली. “पाठीमागं एक फुली मारा फक्त.”

“फुली कशाला?” भाऊंनी विचारलं.

“नाव असलं तर नंतर ते कुणी वापरणार नाही. मोडीत टाकतील. फुली काय, घासून घेता येईल.” तिने ताटाकडे बघितलं. एखादी बाई नव्या घरासाठी भांडं निवडताना बघते, तसं. “चांगलं जड आहे. लय वर्षं टिकेल. चिऊला होईल.”

काकू काचेच्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचा पदर तोंडावर गेला होता. त्या रडत होत्या की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी तिला गप बस म्हटलं नाही, आणि असं बोलू नको असंही म्हटलं नाही. ती जे म्हणत होती ते त्या घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं असावं.

मनीषाचं पुढे काय झालं, ते इथेच लिहून टाकते, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असेल. तिला निफाडला जावं लागलं नाही. त्या घरातच ती आणखी दोनेक वर्षं जगली. ती गेल्याचं मला काकूंनी सांगितलं. त्या चिऊसाठी शाळेचा डबा घ्यायला आल्या होत्या. गोळ्या चालू होत्या, पण उशिरा सुरू झाल्या होत्या, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. ती सुखात होती का, हे मी विचारलं नाही. तिचं ताट उकळायचं थांबलं होतं का, तेही विचारायचा धीर झाला नाही. काकू आपणहून एवढंच म्हणाल्या, की चिऊ शेवटपर्यंत तिच्याच शेजारी बसून जेवायची, स्वतःच्या ताटात.

आता ते दुकान नाही. भाऊ थकले, मुलांनी जागा मोबाइलवाल्याला दिली. मी दुसरीकडे नोकरी करते, जिथे गिऱ्हाइकं स्वतःच फळीवरून ताट उचलतात आणि मला फक्त मशीनवर किंमत वाचायची असते. खालच्या फळीवरून मी किती सुटी ताटं विकली असतील, मला माहीत नाही. त्यातल्या प्रत्येकासमोर कोणीतरी बसून जेवलं असेल, घरातल्यांपासून हातभर लांब. काकूंनी भुंडं ताट मागितलं तेव्हा मी गप्प राहिले, तशी बहुतेक वेळा गप्पच राहिले. मला लोक शांत स्वभावाची म्हणतात. दुकानात त्या गोष्टीचा उपयोगही व्हायचा.

पण त्या एप्रिलच्या दुपारी माझ्या हातात मशीन चालू होतं आणि त्याचं टोक ताटाला टेकलं होतं. एका दिशेने तिरकी रेघ, दुसऱ्या दिशेने तिरकी रेघ, आणि काम झालं असतं. माझा हात पुढे जाईना. मशीनची थरथर दंडापर्यंत येत होती. ताटावाटीने होत नाही, हे काकूंना सांगण्यात अर्थ नव्हता. ते डॉक्टरांनी सांगून झालं होतं. मी मशीन बंद केलं.

“काकू, उद्या घरातली स्टीलची ताटं घेऊन या,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “तुमचं, काकांचं, धाकट्या मुलाचं, त्याच्या बायकोचं, चिऊचं. सगळ्यांवर नावं घालून देते. चिऊला तिच्या नावाचं ताट मिळालं की ती दुसऱ्याच्या ताटात जाणार नाही.”

भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. इतकी वाक्यं त्यांनी माझ्या तोंडून एका दमात कधी ऐकली नव्हती.

काकू कपाटाकडून वळल्या. “चिऊचं ठीक हाय,” त्या म्हणाल्या. “पण आमची नावं कशाला? आम्हाला काय झालंय?”

“काही व्हावं लागत नाही, काकू. ताटावर नाव घरातल्या माणसाचं घालतात. मनीषाचं आता घालते, तुमचं काय घालायचं ते सांगा.”